लघवीच्या पिशवीची गाठ : ऑपरेशनआधी एमआरआय कसा करून घ्यायचा आणि त्यातली मापं कशी वाचायची

नागपूरच्या उन्हाळ्यात लघवी लालसर झाली की घरोघरी एकच निदान होतं, उन्हाळी लागली. मग धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, ताक सुरू होतं, दोन दिवसांनी लाल दिसायचं थांबतं आणि सगळे विसरून जातात. पण उन्हाळीत जळजळ होते, दुखतं. काहीच न दुखता नुसतं रक्त जात असेल, मग ते एकदाच का गेलेलं असेना, आणि माणूस पन्नाशीच्या पुढचा, त्यात बिडी-सिगारेट ओढणारा असेल तर लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी करायलाच पाहिजे. आपल्याकडे तंबाखू म्हटलं की खर्रा आणि तोंडाचा कॅन्सर आठवतो, पण धुरातली विषारी रसायनं रक्तातून किडनीत आणि तिथून लघवीत उतरतात, पिशवीत तासन्‌तास पडून राहतात, आणि म्हणून बिडी ओढणाऱ्याच्या लघवीच्या पिशवीलाही कॅन्सर होतो हे फार कमी लोकांना माहिती असतं.

मी रेडिओलॉजीत आहे, पोटाचे आणि ओटीपोटाचे एमआरआय वाचणं हे रोजचं काम. हे लिहून राहिलो कारण सोनोग्राफीत गाठ दिसल्यापासून ते दुर्बिणीचं ऑपरेशन होईपर्यंत मधे जे थोडे दिवस असतात ते फार मोलाचे असतात आणि ते बहुतेक घरांत नुसत्या टेन्शनमधे निघून जातात. त्या दिवसांत एकच गोष्ट करून घ्या, गाठ खरवडायच्या आधी एमआरआय. आणि तो नीट करून घ्या, कारण अर्धवट तयारीने केलेला एमआरआय वाचताना आमचे पण हात बांधलेले असतात.

आधी प्रश्न काय आहे ते समजून घ्या. लघवीच्या पिशवीच्या भिंतीला आतून बाहेर असे थर असतात, सगळ्यात आत पातळ अस्तर, त्याखाली मऊ थर, मग जाड स्नायू, आणि बाहेर चरबी. गाठ बहुतेक वेळा अस्तरातून सुरू होते. ती अस्तरातच असली तर टीए, खालच्या मऊ थरात गेली तर टी1, स्नायूत शिरली की टी2, बाहेरच्या चरबीत गेली की टी3, आणि प्रोस्टेट, गर्भाशय, योनी किंवा कंबरेच्या भिंतीत गेली की टी4. ह्यात खरी सीमारेषा टी1 आणि टी2 च्या मधे आहे. स्नायू वाचलेला असेल तर दुर्बिणीने गाठ काढून पिशवीत बीसीजी किंवा दुसरं औषध सोडून पिशवी वाचवता येते, पहिल्यांदा निदान होणाऱ्या दर चार पेशंटपैकी साधारण तीन ह्याच गटात असतात. स्नायूत शिरली असेल तर मग आधी केमो आणि नंतर अख्खी पिशवी काढून लघवीसाठी नवीन वाट करणं, किंवा निवडक पेशंटमधे दुर्बिणीने जमेल तेवढी गाठ काढून केमो आणि रेडिएशन. म्हणजे दोन्ही बाजूंच्या आयुष्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि ही सीमारेषा ऑपरेशनआधी दाखवायला एमआरआय सीटीपेक्षा चांगला आहे, कारण सीटीत हे थर वेगळे दिसतच नाहीत.

आता खरवडायच्या आधीच का? दुर्बिणीने गाठ काढतात त्याला टीयूआरबीटी म्हणतात, त्यात भिंतीला जखम होते, सूज येते, रक्त साचतं. आणि एमआरआयमधे ही सूज आणि उरलेली गाठ बऱ्यापैकी सारखीच दिसते. आधीचा एमआरआय असला तर सर्जनला पण कळतं की कुठे खोलवर घ्यायचं, गाठी किती आहेत, एखादी कोपऱ्यात लपली आहे का. ब्रिटनमधे ब्लॅडरपाथ नावाची 143 पेशंटची ट्रायल झाली, त्यात ज्यांच्यावर स्नायूत शिरल्याचा संशय होता त्यांचा एमआरआय आधी केला, आणि खरोखर स्नायूत शिरलेल्या पेशंटना योग्य उपचार सुरू व्हायला जुन्या पद्धतीत मधला आकडा 98 दिवसांचा होता तो 53 दिवसांवर आला. ह्या आजारात दीड महिना वाचणं ही लहान गोष्ट नाही. पण ह्याचा अर्थ बायोप्सी नको असा नाही हं, कॅन्सर आहे की नाही, कुठल्या प्रकारचा आणि किती तापट, म्हणजे किती वेगाने वाढणारा, हे तुकडा तपासूनच ठरतं.

आधीच खरवडून झालं असेल तरी काही बिघडत नाही, फक्त लगेच एमआरआयला धावू नका. टीयूआरबीटी, बायोप्सी किंवा पिशवीत औषध सोडल्यावर कमीत कमी दोन आठवडे जाऊ द्यायचे. नुसती दुर्बीण घालून पाहिलं असेल किंवा लघवीसाठी लावलेली नळी (कॅथेटर) काढली असेल तर दोन-तीन दिवस. आणि फॉर्मवर ऑपरेशनची तारीख लिहायचीच, रिपोर्ट वाचणाऱ्याला ती माहिती नसेल तर सूज बघून तो गाठ म्हणेल.

सेंटर ठरवताना बाहेरगावच्या लोकांची फार ओढाताण होते. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, तिकडून बालाघाट-छिंदवाड्याची माणसं रात्रीच्या गाडीने येतात, सकाळी मेडिकल चौकात उतरतात आणि मग कळतं की किडनीच्या रक्ततपासणीचा, म्हणजे क्रिएटिनिनचा रिपोर्ट नाही म्हणून आज कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन देता येत नाही. तर मेडिकल असो, मेयो असो, मिहानचं एम्स, जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल किंवा रामदासपेठ-धंतोलीतलं खाजगी सेंटर असो, आधी फोन करा आणि विचारा की तुमच्याकडे लघवीच्या पिशवीचा मल्टिपॅरामेट्रिक, म्हणजे अनेक तऱ्हेच्या फोटोंचा एमआरआय होतो का, डिफ्युजन आणि कॉन्ट्रास्ट दोन्ही घेता का, आणि रिपोर्टमधे व्ही-आय-रॅड्स स्कोअर देता का. ह्या शब्दांचा अर्थ पुढे रिपोर्टच्या भागात सांगतो. समोरचा गोंधळला तर डॉक्टरांशी बोलू द्या म्हणायचं, त्यात लाजायचं काही नाही. मशीन 3 टेस्ला असेल तर चांगलंच पण 1.5 टेस्लावर सुद्धा उत्तम काम होतं, मशीनच्या आकड्यापेक्षा प्रोटोकॉल महत्त्वाचा. "पोटाचा एमआरआय" एवढंच चिठ्ठीवर असेल तर युरोलॉजिस्टकडून नीट लिहून घ्या. क्रिएटिनिन मात्र आपल्या गावातच करून या, किडनी फार कमजोर असेल, ईजीएफआर (त्याच तपासणीवरून निघणारा किडनीच्या ताकदीचा आकडा) 30 च्या खाली असेल तर गॅडोलिनियमचं, म्हणजे कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन विचार करूनच द्यावं लागतं.

आणि योजनेचं काम असेल तर हॉस्पिटलमधे आरोग्यमित्राचा टेबल असतो, महात्मा फुले जन आरोग्य योजना किंवा आयुष्मानमधे तुमच्या केसला तपासणीचं काय बसतं ते तपासणीच्या आधी विचारा, पैसे भरून झाल्यावर नाही.

तयारीतली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पिशवी किती भरली आहे ते. इथेच सगळ्यात जास्त स्कॅन वाया जातात. पिशवी रिकामी असली की भिंत सुरकुतते, जाड दिसते, आणि जी गाठ भिंतीला छोट्याशा देठाने चिकटलेली आहे ती पूर्ण भिंतीवर लोळलेली दिसते. उलट पिशवी तट्ट भरली तर भिंत ताणून पातळ होते आणि माणूस स्थिर पडून राहू शकत नाही, वीस मिनिटांत कळवळायला लागतो आणि हलला की फोटो गेले. मधलं पाहिजे, साधारण 300 मिली. त्यासाठी स्कॅनच्या एक-दोन तास आधी लघवी करून घ्यायची आणि मग रोखून धरायची, किंवा अर्धा तास आधी अर्धा ते एक लिटर पाणी प्यायचं, सेंटर सांगेल तसं. पण सेंटरला आधी विचारायचं की माझा नंबर नक्की कधी लागणार, कारण अकराचा टाइम सांगून एकला आत घेतात आणि तोवर म्हाताऱ्या माणसाला धरवत नाही. उशीर होणार असेल तर सरळ लघवी करून या आणि परत पाणी प्या, टेक्निशियनला सांगा, तो ओरडणार नाही. हार्टचा किंवा किडनीचा पेशंट असेल आणि डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं असेल तर एवढं पाणी पाजायच्या आधी विचारायचं.

नळी लावलेली असेल तर घरच्यांनी स्वतः चिमटा लावून बसू नये. आत रक्ताच्या गुठळ्या असतील तर आधी धुवून घ्यावं लागतं, मग स्टाफ नळीतून सलाईन भरून नळी बंद करतो. गुठळी गाठीसारखी दिसू शकते, म्हणून रक्त जात असेल तर ते पण सांगायचं.

आदल्या दिवशी पोट साफ झालेलं असावं, गुदाशयात गॅस असला की डिफ्युजनचे फोटो वाकडे येतात. आतडी आणि पिशवी हलू नये म्हणून बस्कोपॅनसारखं इंजेक्शन देतात, तर काचबिंदू, हृदयाचे ठोके अनियमित असणं, प्रोस्टेटमुळे लघवी अडकणं ह्यातलं काही असेल तर ते इंजेक्शनच्या आधी सांगा. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं इम्प्लांट, खुब्याचा बदललेला सांधा, सगळं सांगा, कार्ड असेल तर आणा. खुब्यात धातू असला तरी बहुतेक वेळा एमआरआय होतो पण त्या बाजूचे डिफ्युजनचे फोटो खराब येतात आणि मग आम्हाला कॉन्ट्रास्टच्या फोटोंवर जास्त अवलंबून राहावं लागतं. आत साधारण अर्धा-पाऊण तास जातो, आवाज खूप असतो, बंद जागेची भीती असेल तर आधीच बोला.

आता रिपोर्ट. एमआरआयमधे तीन तऱ्हेचे फोटो बघतात. पहिला टी2 (हे फोटोच्या प्रकाराचं नाव, वर सांगितलेल्या टी2 स्टेजशी ह्याचा संबंध नाही), ह्यात लघवी पांढरीशुभ्र दिसते, गाठ राखाडी, आणि स्नायू म्हणजे भिंतीच्या कडेने फिरणारी एक काळी रेघ. सगळा खेळ त्या काळ्या रेघेचा आहे. गाठीच्या बुडाखालून ती रेघ सलग जात असेल तर स्नायू वाचला आहे, आणि राखाडी रंग रेघ तोडून आत घुसलेला दिसला तर स्नायू गेला. दुसरा डिफ्युजन, ह्यात गाठ चमकते कारण पेशी दाटीवाटीने असल्याने आतलं पाणी मोकळं हलू शकत नाही, आणि गाठीचा देठ काळाच राहतो. चमकणारी गाठ मधोमध काळ्या देठावर कमान करून बसलेली दिसली तर ती चांगली खूण. तिसरा कॉन्ट्रास्ट, इंजेक्शन गेल्या गेल्या पहिल्या अर्ध्या मिनिटाच्या आसपास गाठ आणि आतलं अस्तर उजळतात आणि स्नायू अजून अंधारात असतो, त्या क्षणाचे फोटो सगळ्यात कामाचे.

ह्या तिन्हीवरून 1 ते 5 असा व्ही-आय-रॅड्स स्कोअर ठरतो, ही पद्धत 2018 मधे आली. 1 म्हणजे एक सेंटिमीटरपेक्षा छोटी, आत वाढलेली गाठ, स्नायू शाबूत. 2 म्हणजे मोठी पण देठ असलेली, किंवा बसकी असली तरी तिच्याखाली अस्तराचा जाडसर थर मधे आहे, स्नायू शाबूतच. 4 म्हणजे रेघ तुटलेली, 5 म्हणजे बाहेरच्या चरबीत गेलेली. मधला 3 लोकांना सगळ्यात जास्त छळतो, आणि त्याचा अर्थ "मधली स्टेज" असा अजिबात नाही. देठ दिसत नाही, जाडसर थर दिसत नाही, पण रेघ तुटलेली पण नक्की दिसत नाही, एवढंच. 3 आला तर तुकडा नीट खोलवरून घेणं अजून जास्त महत्त्वाचं. आणि हा स्कोअर म्हणजे कॅन्सरची स्टेज नव्हे हे लक्षात ठेवा, स्कोअर 4 बघून "चौथी स्टेज आहे" म्हणत नातेवाईक रडायला लागतात, तसं काही नाहीये. स्कोअर फक्त स्नायूत शिरल्याची शक्यता किती ते सांगतो.

मापांकडे येऊ. गाठीचा आकार सेंटिमीटरमधे दिलेला असतो, तो लागतोच, पण नुसत्या आकारावरून घाबरू नका, चार सेंटिमीटरची गाठ बारीक देठावर लटकलेली असू शकते आणि दीड सेंटिमीटरची बसकी गाठ स्नायूत गेलेली असू शकते. त्यापेक्षा बोलकं माप म्हणजे कॉन्टॅक्ट लांबी, म्हणजे गाठ भिंतीला किती लांबीपर्यंत चिकटली आहे. ही जितकी जास्त तितका स्नायूत शिरल्याचा संशय जास्त. सगळ्याच रिपोर्टमधे ही नसते, युरोलॉजिस्टला हवी असेल तर सेंटरला सांगून फोटोंवरून नंतरही मोजून मिळते, परत स्कॅन करायची गरज नसते.

तिसरा आकडा एडीसी. डिफ्युजनवरून काढतात, 0.8 किंवा 1.3 असा काहीतरी लिहिलेला असतो. जितका कमी तितकी गाठ दाट आणि तापट असण्याची शक्यता जास्त. पण हा आकडा मशीन, सेटिंग आणि मोजणाऱ्याचा हात ह्यावर बदलतो, त्यामुळे शेजारच्या काकांच्या रिपोर्टमधला एडीसी आणि आपला असा ताळा करत बसू नका, दोन वेगळ्या सेंटरचे आकडे पण एकमेकांना लावू नका. केमोनंतर परत एमआरआय करायची वेळ आली तर शक्यतो त्याच मशीनवर, त्याच प्रोटोकॉलने करा.

लिम्फ नोडची (लसिकाग्रंथीची) आडवी, म्हणजे छोटी बाजू मोजतात. ओटीपोटात गोल नोड 8 मिमीच्या वर आणि लांबट नोड 10 मिमीच्या वर गेला की संशय घेतात. पण मोठा नोड म्हणजे कॅन्सर आणि छोटा म्हणजे साफ असं नक्की नसतं, छोट्यातही आजार असू शकतो आणि इन्फेक्शननेही नोड वाढतात. आणि किडनी फुगलेली आहे का ही ओळ शोधा, हायड्रोनेफ्रोसिस लिहिलेलं असतं. गाठीने किडनीकडून पिशवीत येणारी नळी दाबली की किडनीत पाणी साचतं, आजार खोल गेल्याची ती एक खूण असते, शिवाय सिस्प्लॅटिनची केमो द्यायची तर किडनी चांगली लागते, म्हणून कधीकधी आधी किडनीची वाट मोकळी करून द्यावी लागते.

रेडिओलॉजी शिकणाऱ्या पोरापोरींसाठी मोजण्याचं थोडं बोलतो, नातेवाईकांनी हे सोडलं तरी चालेल. टी2 कमीत कमी दोन प्लेनमधे, शक्यतो तिन्ही, स्लाईस 3 ते 4 मिमी, आणि गाठीच्या बुडाला काटकोनात कापणारा प्लेन बघूनच रेघेबद्दल बोला. तिरका काप गेला की शाबूत रेघ पण पुसट दिसते आणि 2 चा 4 होतो. कॉन्टॅक्ट लांबी मोजताना बुडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेघ ओढू नका, भिंतीच्या वळणाने वाकडी रेघ ओढा, बहुतेक वर्कस्टेशनवर कर्व्ह टूल असतो. ज्या स्लाईसमधे चिकटलेला भाग सगळ्यात जास्त आहे तोच घ्या, आणि देठवाली गाठ भिंतीवर नुसती टेकली असेल तर तो टेकलेला भाग धरायचा नाही. एडीसीचा गोल टाकताना देठ, सडलेला भाग, कॅल्शियम आणि कडेची लघवी टाळा, लघवी आत आली की आकडा उगाच वाढतो. डिफ्युजन चांगलं आलं असेल तर स्कोअर त्यावर ठरवा, खराब असेल तर कॉन्ट्रास्टवर. आणि गाठ डायव्हर्टिक्युलममधे असेल तर तिथे मुळात स्नायूचा थरच नसतो, मग रेघ शाबूत का तुटलेली हा प्रश्नच गैरलागू, तसं स्पष्ट लिहा.

एमआरआयला काय दिसत नाही ते पण माहिती पाहिजे. अस्तरात सपाट पसरलेला कॅन्सर, ज्याला सीआयएस म्हणतात, तो एमआरआयमधे बहुतेक दिसत नाही, त्याला दुर्बीण आणि लघवीची सायटॉलॉजी, म्हणजे लघवीतल्या पेशींची तपासणीच लागते. चरबीत अगदी सूक्ष्म गेलेला आजार पण दिसत नाही. बीसीजी घेतलेल्या पिशवीत सूज आणि गाठ ह्यात गल्लत होते. आणि किडनीकडून येणाऱ्या वरच्या नळ्या, छाती वगैरे बघायला सीटी लागतोच, "एमआरआय झाला ना आता परत सीटी काहून?" असं विचारून तो टाळू नका, दोघांची कामं वेगळी आहेत.

शेवटी रिपोर्ट घेऊन युरोलॉजिस्टकडे जाताना नुसता कागद नेऊ नका, सीडी न्या, फिल्मवर सगळे फोटो नसतात. आणि टीयूआरबीटी झाल्यावर पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला की त्यात एक ओळ शोधा, तुकड्यात स्नायू आला आहे का, डेट्रुसर मसल दिसला की नाही ते लिहिलेलं असतं. समजा एमआरआयचा स्कोअर 4 आहे आणि बायोप्सीत टी1 आलं, आणि तुकड्यात स्नायू आलेलाच नाही, तर "बायोप्सी चांगली आली" म्हणून पेढे वाटू नका. स्नायू तपासलाच गेलेला नाही. अशा वेळी डॉक्टरांना दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून दाखवा आणि पुन्हा खरवडायची गरज आहे का ते विचारा, तापट टी1 असेल तर दोन ते सहा आठवड्यांत दुसरी टीयूआरबीटी तशीही करतातच. उलटं झालं, म्हणजे एमआरआयचा स्कोअर 2 आणि बायोप्सीत स्नायूत कॅन्सर, तर बायोप्सी खरी मानायची. दुसऱ्या हॉस्पिटलमधे मत घ्यायला जाणार असाल तर पॅथॉलॉजीचे ब्लॉक आणि स्लाईड मागून घ्या, तिथले डॉक्टर त्या परत तपासायला मागतात, आणि नेमक्या त्याच घरी विसरलेल्या असतात.